पाड्यावर गेलेली शाळा

ताराबाई मोडक १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर केलेलं काम आणि १९२६ साली स्थापन झालेला नूतन बालशिक्षण संघ यांमुळे बालशिक्षणात त्यांचं नाव झालं होतं. शहरात एखादी नमुनेदार शाळा चालवत राहणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी समुद्रकाठचं हे खेडं निवडलं आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. सोबतीला अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी वैधव्य आलं, तरी जिद्दीनं शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या.

१९४५ सालीच उंबरगाव-डहाणू भागातले वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यात काम करत होते. हे दोन्ही इतिहास आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. पण जमीनदाराकडे राबणारे आई-बाप आणि बालवाडीत न फिरकणारं पोर एकाच झोपडीतलं होतं, हे विसरून चालत नाही.

पोरं फिरकत नव्हती, हीच पहिली अडचण. बालवाडी थाटली, पण वस्तीवरची मुलं येईनात. मग शाळाच वस्तीवर न्यायची ठरली. कुणाच्या तरी अंगणात मुलं गोळा करायची, तोंड-हात धुवायचे, केस विंचरायचे, नखं कापायची आणि मग गाणी-गोष्टी. माँटेसरीचं महागडं साहित्य खेड्याला परवडणारं नव्हतं. शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, माती यांवर काम भागलं. मोजायला चिंचोके चालतात आणि रंग ओळखायला फुलं. अंगणवाडी जन्मली ती अशी, गरजेपोटी.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. भोवती वारल्यांचे पाडे, आणि इथला पेच आणखी अवघड. थोरली मुलगी शाळेत आली तर धाकट्या भावंडाला सांभाळायचं कोणी? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. भावंड पाळणाघरात ठेवलं की बहीण वर्गात बसायला मोकळी. गुरं राखणाऱ्या मुलांना तर तेही शक्य नव्हतं. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरताहेत तिथंच धडा. शाळेसाठी गुरं सोडून येण्याचा प्रश्नच मिटला. एरवी आपल्याकडे अशा मुलांची नोंद गैरहजर म्हणून होते आणि विषय संपतो.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. १९७३ साली त्या गेल्या. अनुताईंनी टेकडी सोडली नाही. 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मकथनात त्यांनी हा सारा प्रवास लिहून ठेवला आहे. १९९२ साली त्यांचं निधन झालं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज देशात अशी सुमारे १४ लाख केंद्रं आहेत. पोषण आहार, वजन, लसीकरण यांचं मोल मोठं आहे; पण त्या साऱ्याच्या नोंदी ठेवता ठेवता सेविकेला गाणी-गोष्टींना उसंत उरत नाही, ही तक्रारही खोटी नाही. कुरणशाळा मात्र सहा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या या योजनेत बसणारी नव्हती. त्याच धाटणीचं काम पुढे वीटभट्ट्यांवरच्या भोंगाशाळांनी आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी निघालेल्या साखरशाळांनी केलं.