लसीची बाटली आणि मांजरसुंब्याचा चौक

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं, की बालाघाटाचा चढ चढून गाडी मांजरसुंब्याच्या चौकात येते. इथून एक रस्ता पाटोद्याकडे फुटतो, एक केजमार्गे अंबाजोगाईला जातो आणि सरळ गेलं की चौसाळा लागतं. चहाला थांबलेल्या माणसाला एसटी, मालट्रक, उसाच्या हंगामात बैलगाड्यांसकट निघालेली कुटुंबं दिसतात. या वर्दळीत अधूनमधून आरोग्य विभागाची एखादी गाडीही असते. तिच्यात शीतपेटी असते आणि पेटीत बोटाएवढ्या बाटल्या.

त्यातली एक बाटली पेंटाव्हॅलंट लसीची आहे असं समजू. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या पाच आजारांपासून बाळाला वाचवणारी ही लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना दिली जाते. कारखान्यातून निघाल्यापासून बाळाच्या मांडीत जाईपर्यंत ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिली पाहिजे. वाटेत राज्याचं भांडार, विभागाचं भांडार, जिल्ह्याचं भांडार, मग प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शेवटी आरोग्यसेविकेच्या खांद्यावरचा लसवाहक डबा. एवढ्या हातांतून जाताना एका ठिकाणी जरी चूक झाली, तरी पुढच्या सगळ्यांची मेहनत पाण्यात जाते.

मराठवाड्यातला उन्हाळा पाहता उष्णतेचीच भीती जास्त वाटेल. ती आहेच, पोलिओचे थेंब आणि गोवर-रुबेलाची लस उष्णतेने लवकर निकामी होते. पण पेंटाव्हॅलंटचा मोठा शत्रू बर्फ आहे. ती गोठली की तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांच्या गुठळ्या होतात आणि लस कुचकामी ठरते. बाटलीवरचा चौकोनी ठिपका फक्त उष्णता दाखवतो. गोठून पुन्हा वितळलेल्या बाटलीवर तो ठिपका अगदी निर्दोष दिसतो. म्हणून अनुभवी आरोग्यसेविका बर्फाची पाकिटं डब्यात घालण्याआधी बाहेर काढून ठेवतात, कानाशी हलवून आत पाण्याचा आवाज येतो का ते ऐकतात आणि मगच भरतात. ही साधी सवय ज्या केंद्रात सुटली, तिथे बाळांना टोचलं जातं, कार्डावर नोंदही होते, संरक्षण मात्र मिळत नाही. पुढे वर्ष-दोन वर्षांनी घटसर्पाचा रुग्ण आला की सगळे चकित होतात.

पूर्वी या सगळ्याचा हिशेब वहीत असे. शीतपेटीचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहायचं, बाटल्या मोजायच्या, महिनाअखेरीस अहवाल जिल्ह्याला पाठवायचा. अहवाल वरपर्यंत पोचेस्तोवर त्यातला आकडा शिळा झालेला असे. रात्री दोनला वीज गेली आणि सकाळी सातला आली, तर वहीत त्याचा पत्ता लागत नसे. सुदैवाने सरकारी केंद्रातला बर्फाच्या अस्तराचा फ्रीज दिवसात आठ तास वीज मिळाली तरी तापमान धरून ठेवतो. पण फ्रीजच बिघडला असेल तर?

या अडचणीवर भारतात उभी राहिलेली व्यवस्था म्हणजे ‘ईविन’, लसींच्या साठ्याचं इलेक्ट्रॉनिक जाळं. केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी २०१५ पासून ते राज्याराज्यांत पसरवलं. कामाची पद्धत फार गुंतागुंतीची नाही. लसीकरणाचा दिवस संपला की केंद्रातला कर्मचारी मोबाइलवर आलेल्या, वापरलेल्या आणि वाया गेलेल्या लसींचा आकडा भरतो. फ्रीजमध्ये सिमकार्ड असलेलं एक छोटं यंत्र बसवलेलं असतं. ते दर दहा मिनिटांनी तापमान टिपतं आणि तासातासाला पाठवतं. तापमान हद्दीबाहेर गेलं की यंत्र ओरडतं आणि संबंधित तंत्रज्ञाला व अधिकाऱ्याला संदेश जातो. मंत्रालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिलेल्या माहितीनुसार तेव्हा देशातली सुमारे २३,५०० शीतसाखळी केंद्रं हे जाळं नेहमी वापरत होती, ४१ हजारांहून अधिक कर्मचारी प्रशिक्षित झाले होते आणि लस संपून जाण्याचे प्रसंग ८० टक्क्यांनी घटले होते.

हे आकडे ज्या ठिकाणी जमा होतात त्याला ‘क्लाउड’ म्हणतात. नाव ढगाचं असलं तरी वर आकाशात काही नसतं. जमिनीवरच्या मोठ्या इमारतींत हजारो संगणक रांगेने ठेवलेले असतात आणि इंटरनेटवरून त्यांची ताकद वापरायला मिळते. पिठाच्या गिरणीसारखंच ते आहे. प्रत्येक घराने आपापली गिरणी बसवायची गरज नसते. दळण नेलं, तेवढ्याचे पैसे दिले. सणाच्या आधी गर्दी झाली तर गिरणीवाला जादा वेळ गिरणी चालवतो. १६ जानेवारी २०२१ ला कोविडचं लसीकरण सुरू झालं, तेव्हा ‘कोविन’ याच ईविनच्या पायावर उभं होतं. पुढे देशात २२० कोटींहून अधिक मात्रांची नोंद त्यावर झाली. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने आपला वेगळा संगणक घेऊन हे केलं असतं, तर पहिल्याच सोमवारी सगळं बसलं असतं. केंद्र सरकारच्या क्लाउडचं नाव ‘मेघराज’ आहे. पावसाची वाट पाहण्यात हयात गेलेल्या बीड जिल्ह्यात या नावाला लोक हसतील, पण नाव तेच आहे.

लसीइतकी नाजूक नसली, तरी बाकीच्या औषधांची कहाणी अधिक गुंतलेली आहे. सरकारी औषधांच्या साठ्यासाठी सी-डॅकने ‘ई-औषधी’ ही प्रणाली बनवली. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ ला मोफत औषध योजना सुरू केली तेव्हा तिचा मोठा वापर झाला आणि महाराष्ट्रातही ती वापरात आली. कोणत्या गोदामात कोणती गोळी किती आहे आणि तिची मुदत कधी संपते, हे तिच्यात दिसतं.

हे दिसण्याचं मोल सर्पदंशात कळतं. घोणस, नाग, मण्यार आणि फुरसं या चार सापांविरुद्धचं एकच औषध आपल्याकडे आहे. लोक त्याला ‘सापाची लस’ म्हणतात, डॉक्टर एएसव्ही. विषबाधेची लक्षणं दिसली की सुरुवातीलाच आठ ते दहा बाटल्या द्याव्या लागतात. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच, कारण सापाने सोडलेलं विष वय बघून कमी होत नाही. म्हणजे कपाटात चारच बाटल्या असतील तर ‘साठा उपलब्ध’ ही नोंद खरी असूनही रुग्णाच्या कामाची नाही. पावसाळ्यातल्या रात्री मांजरसुंब्याच्या परिसरात कुणाला घोणस चावली, तर नातेवाइकांपुढे दोन वाटा असतात: घाट उतरून बीडचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर केजमार्गे अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय. त्या आधी जवळच्या केंद्रात दहा बाटल्या आहेत की चार, हे रुग्णवाहिकेच्या डॉक्टरला मोबाइलवर दिसलं, तर तो चौकात थांबून विचार करत बसणार नाही.

साठा सगळ्यांना दिसू लागला की आणखी एक जुनी खोड मोडते. मागितल्याच्या निम्मंच मिळतं, हे माहीत असल्याने केंद्रं दुप्पट मागतात. वरच्याला हे ठाऊक असतं म्हणून तो निम्मंच देतो. दोघेही शहाणे, आणि एका केंद्रात मुदतबाह्य गोळ्यांचे खोके पडून, तर वीस किलोमीटरवर त्याच गोळीची चिठ्ठी बाहेरून आणायला दिलेली! खरा साठा समोर असला की फुगवलेली मागणी लपत नाही आणि जास्तीचा माल शेजारी पाठवता येतो.

अर्थात कारखान्यातून औषध आलंच नाही, खरेदीची निविदा अडकली, तर पडद्यावर फक्त शून्य दिसतं. क्लाउड गोळी बनवत नाही. आणि भरलेला आकडा खोटा असेल तर ढगातलाही आकडा खोटाच. सायंकाळी चारशे रुग्ण तपासून झाल्यावर औषधनिर्माण अधिकाऱ्याने वहीतही लिहायचं आणि मोबाइलवरही भरायचं, अशी दुहेरी नोंद जिथे चालते, तिथे मोबाइलची नोंद ‘उद्या बघू’वर जाते. वही खरोखर बंद केल्याशिवाय ही अडचण सुटणार नाही.

बीडमध्ये याहून अवघड प्रश्न माणसांचा आहे. लसींची मागणी गावच्या लोकसंख्येवर ठरते आणि दसऱ्यानंतर गावंच्या गावं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोचा कोयता निघाला की कडेवरचं बाळही निघतं. आधीचा डोस गावात झालेला असतो. पुढचा डोस येतो तेव्हा बाळ सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या कोपीत असतं. इकडे गावच्या केंद्रात बाटल्या शिल्लक राहतात आणि तिकडच्या केंद्राला वाढलेल्या बाळांची कल्पना नसते. ईविनला बाटली कुठे आहे ते कळतं, बाळ कुठे आहे ते कळत नाही. २९ ऑक्टोबर २०२४ ला देशभर सुरू झालेल्या ‘यू-विन’मध्ये प्रत्येक बाळाची आणि गरोदर मातेची नोंद होते, आणि ती देशात कुठल्याही लसीकरण केंद्रात उघडते. आईकडचं कार्ड हरवलं तरी मोबाइल क्रमांकावर नोंद सापडते. फक्त त्या क्रमांकाचं सिम हंगामाच्या मध्ये बदललेलं नसावं.

म्हणून निघण्याआधी आशाताईंनी विचारायचे प्रश्न आता दोन झाले आहेत. बाळाचा पुढचा डोस कधी आहे, आणि कोणता कारखाना. दुसऱ्याचं उत्तर अनेकदा ट्रक मांजरसुंब्याच्या चौकात आल्यावरच मुकादम सांगतो.