बुद्धीचे गुण आणि मैदानावरील यश

सन २०२३ च्या मे महिन्यांत शांघाय येथील जागतिक चषक धनुर्विद्या स्पर्धेंत बुलढाण्याच्या प्रथमेश जावकर यानें नेदरलंड्सच्या माईक श्लोसर याजवर १४९ विरुद्ध १४८ अशी एका गुणानें मात केली. पन्नास मीटरांवर पंधरा बाण, आणि प्रत्येक बाणास वीस सेकंद! असा मुलगा आधींच ओळखतां येईल काय, हा प्रश्न जिल्ह्यांतील पालकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. बुद्धिमापनाची कसोटी त्या कामीं कितपत उपयोगी पडेल, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

ही कसोटी आपल्याकडे नवी नाहीं. फ्रान्समध्यें बिने यानें ती १९०५ सालीं रचिली, आणि डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं मराठी व कानडी मुलांसाठीं तिचें रूपांतर केलें. त्यांचा ग्रंथ १९४० मध्यें निघाला. परंतु बिनेचा हेतु शाळेंत मागें पडणारीं मुलें हुडकण्याचा होता, खेळाडू निवडण्याचा नव्हे.

खेळाडूंवर तिचा मोठा प्रयोग झाला तो अमेरिकेंत. तेथील फुटबॉल आपल्याहून निराळा. त्यांत चेंडू हातानें फेकतात. फेकणारा क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदूच. अंगावर धांवून येणारे गडी टाळून, चेंडू कोणाकडे द्यावा हें त्यास सुमारें तीन सेकंदांत ठरवावें लागतें. म्हणून व्यावसायिक संघांनीं १९७० नंतरच्या दशकांत उमेदवारांस वंडरलिक नांवाची कसोटी लाविली: बारा मिनिटें, पन्नास प्रश्न. वृत्तपत्रांतील आकड्यांप्रमाणें डॅन मरिनो यास पंधराच्या आसपास गुण मिळाले, आणि १९८४ च्या हंगामांत त्यानें पांच हजारांवर यार्डांच्या फेकी केल्या. हार्वर्डच्या रायन फिट्झपॅट्रिक यास अठ्ठेचाळीस. तो नऊ संघांतून खेळला, पण बाद फेरीचा एकही सामना त्याच्या वांट्यास आला नाहीं. दोन उदाहरणांनीं सिद्धांत होत नाहीं हें खरें. तथापि २००९ मध्यें ७६२ खेळाडूंच्या पाहणींतही गुण व खेळ यांचा म्हणण्यासारखा संबंध दिसला नाहीं. २०२२ मध्यें निवड-शिबिरांतून ही कसोटी काढून टाकण्यांत आली.

म्हणजे क्वार्टरबॅकला बुद्धि लागत नाहीं कीं काय? तसें नव्हे. खामगांवच्या बाजारांत लांब धाग्याचा कापूस एकदां वेगळा काढला, कीं त्या ढिगांतील कोणती गांठ सरस हें धाग्याच्या लांबीवरून सांगतां येत नाहीं. व्यावसायिक संघापर्यंत पोंचलेले तरुण असेच गाळून आलेले असतात. शिवाय कमी गुणांचा उमेदवार निवडला जातो तो हाताच्या असामान्य फेकीमुळें. मग आकड्यांत तोच पुढें दिसला तर नवल काय?

पुढें निर्णयाचा वेग मोजणारी नवी कसोटी आली. २०२३ मध्यें तिचे गुण बाहेर फुटले: ब्राइस यंग शंभरांत अठ्ठ्याण्णव, सी. जे. स्ट्राउड अठरा. त्या हंगामांत नवोदितांचा आक्रमक-खेळाचा मान मिळाला स्ट्राउडला.

धनुर्विद्येंत सुदैवानें काम आणि कसोटी यांत अंतर नाहीं. पन्नास मीटरांवर सोडलेले बाण मोजावे. मात्र एकाच सकाळचे नव्हेत, तर वाऱ्याच्या दिवशींचे व सामन्याच्या दिवशींचेही.