शेवटचे पान आधी वाचणारी मुले

गोष्टीचे पुस्तक हाती येताच काही मुले प्रथम शेवटचे पान उघडतात. हा दोष मानून शिक्षकांनी त्यांस रागावू नये. हरिश्चंद्राच्या आख्यानाचा शेवट ठाऊक असूनही श्रोते कीर्तनास बसतात. काय घडले यापेक्षा ते कसे घडले, यात त्यांचे मन रमते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, शेवट आधी कळलेल्या कथा वाचकांस सामान्यतः अधिक रुचल्या. पुढील काही प्रयोगांचे निष्कर्ष मात्र उलट आले. म्हणून एकच नियम लावू नये. रहस्यकथेत तर्काचा आनंद असतो. तेथे शेवट राखून ठेवण्यास सुचवावे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये (१९३५) अखेरीस आईचा मृत्यू आहे. हळव्या मुलास तो आधी कळल्यास मनाची तयारी होते. मुलाच्या हातून पुस्तक सुटू नये, हे महत्त्वाचे.