घोडीचे दूरचे गोत्र

मानखुर्दसारख्या उपनगरात रस्त्यावर थुंकणाऱ्याच्या हाती दंडाची पावती ठेवणारे महापालिकेचे ‘क्लीन-अप मार्शल’ मुंबईकरांनी पाहिले आहेत. या भारदस्त शब्दाचा जन्म पागेतला आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. प्राचीन जर्मन भाषेत ‘मराह’ म्हणजे घोडा आणि ‘स्काल्क’ म्हणजे चाकर. थोडक्यात, मार्शल म्हणजे आपला मोतद्दार! राजदरबारात त्याचा मान वाढत गेला. १९७३ मध्ये माणेकशा फील्ड मार्शल झाले ते याच मोतद्दाराचे नाव धारण करून.

‘मराह’च्या स्त्रीरूपापासून घोडीवाचक इंग्रजी ‘मेअर’ शब्द आला. जर्मनमध्ये त्याच्या भावंडाचा अर्थ आज मरतुकडे घोडे एवढाच उरला आहे. चाकर चढला, घोडी उतरली! (‘नाइटमेअर’मध्ये मात्र घोडी नाही, तिथे झोपलेल्याच्या छातीवर बसणारे भूत आहे.)

या शब्दाचे निर्विवाद सगेसोयरे केल्टिक भाषांतच सापडतात. आपल्या ‘अश्वा’चा आणि लॅटिन ‘एक्वुस’चा भाऊबंद जुन्या इंग्रजीतही होता, पुढे तो लोपला. मराठीने तरी वेगळे काय केले? अश्व पोथीत ठेवला आणि ‘घोटका’पासून झालेली घोडा-घोडी अंगणात बांधली. तो घोटकही द्राविडी भाषांतून आला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. घोडीसाठी संस्कृतात ‘वडवा’ हा स्वतंत्र शब्द होता. बोलण्यातून तो केव्हाच गेला; समुद्राच्या पोटातल्या वडवानलात तेवढा राहिला आहे.