पाण्याखाली दिवा कोठे बसवावा?

समुद्राचे पाणी कितीही नितळ दिसले, तरी त्यात वाळूचे कण व सूक्ष्म प्लवक तरंगत असतात. दिवा भिंगालगत बसविल्यास त्यांवरून परावर्तित झालेला प्रकाश सरळ भिंगात शिरतो आणि चित्रात मासा न दिसता हिमवर्षाव दिसतो! यास्तव दिवा सांधेदार दांड्यावर, भिंगाच्या बाजूस व किंचित मागे ठेवतात. मात्र तो विषयापासून फार दूर नेणेही हिताचे नाही. पाणी तांबडा प्रकाश झपाट्याने शोषून घेते.

फ्रान्समधील बान्यूल्स येथे लुई बूताँ यांनी १८९३ च्या सुमारास प्राणवायूने भरलेल्या पिंपावर मॅग्नेशियमचा दिवा बसविला होता. असे पिंप हवे तसे वळविणार कसे? आजच्या दांड्याच्या टोकांस गोळे असतात, व शिकंजा सैल करताच दिवा कोणत्याही दिशेस वळतो. लहान जीवांसाठी आखूड दांडे पुरतात. विस्तृत दृश्यास लांब हवेत. दांडा पोकळ व हवाबंद असल्यास पाण्यात दिव्याचा भार हलका होतो. ॲल्युमिनियमच्या दांड्यात पोलादी स्क्रू असल्यास खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम गंजते. तेव्हा प्रत्येक बुडीनंतर सांधे गोड्या पाण्याने धुवावे.