वीस मीटर खोल जाणारी बॅग

परभणीपासून मालवणचा समुद्र पाचशे किलोमीटरहून लांब. तरी समजा, परभणीच्या एका घरात स्कूबाची बॅग भरायला घेतली आहे. मास्क, फिन्स, रबरी सूट, जॅकेट, रेग्युलेटर, शिट्टी, टॉर्च, सगळं पलंगावर मांडलेलं आहे. आणि जी गोष्ट सर्वांत जास्त लागणार, नेमकी तीच त्यात नाही. हवा! ती मालवणात, किनाऱ्यावर, कॉम्प्रेसरने सिलिंडरमध्ये ठासून मिळते.

पहिल्यांदाच हौसेने समुद्रात उतरणाऱ्याला यातलं काहीच न्यावं लागत नाही. प्रशिक्षकाच्या हातात हात देऊन थोडं खाली जायचं, मासे बघायचे, वर यायचं. पण रीतसर शिकून, स्वतःचं सामान घेऊन होडीत चढणाऱ्याची बॅग उघडून पाहा. तिच्यातल्या प्रत्येक वस्तूत एक आश्चर्य दडलेलं आहे.

आधी ती हवाच घेऊ. साधारण अकरा लिटरच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये सुमारे 2,200 लिटर हवा कोंबलेली असते, वातावरणाच्या दोनशेपट दाबाने. हवेला वजन असतं हे आपण शाळेत पाठ केलं. इथे ते खांद्याला कळतं. ही हवा अडीच किलोहून जास्त भरते! म्हणजे बुडी मारून वर आलेला माणूस जाताना होता त्यापेक्षा दोनेक किलोंनी हलका झालेला असतो, नुसता श्वास घेऊन. रिकामं होत आलेलं सिलिंडर तर पाण्यात तरंगायलाच बघतं. म्हणून कमरेला शिसं किती बांधायचं हा हिशोब बुडीच्या सुरुवातीचा नसतो, शेवटाचा असतो.

आणि तो हिशोब परभणीत करून चालत नाही. समुद्राचं खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड. माणूस आणि सामान मिळून शंभर किलो धरा. पोहण्याच्या तलावात जेवढ्या शिशाने तो अलगद बुडाला, त्यावर समुद्रात आणखी अडीच किलो लागतं. नाहीतर तो वरच डुचमळत राहणार. सुदैवाने शिसं मालवणात मिळतं, घरून वाहायला नको. सिंधुदुर्गाच्या पायातही शिसं ओतलं होतं असं सांगतात. 1664 साली कुरटे बेटावर ज्या किल्ल्याचं काम सुरू झालं, त्याच्या आसपासच्या पाण्यात आज लोक कमरेला शिसं बांधून उतरतात, याची मला फार गंमत वाटते.

शिसं खाली ओढणार, मग वर कोण उचलणार? जॅकेट. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा बांधायचे, आठवतं? हे जॅकेट म्हणजे तो भोपळाच, फक्त हवा तेव्हा फुगणारा आणि हवा तेव्हा आक्रसणारा. एक बटण दाबलं की सिलिंडरमधली हवा त्यात शिरते, दुसरं दाबलं की बाहेर पडते. पण समुद्रही गप्प बसत नाही. दर दहा मीटरला तो एका वातावरणाएवढा दाब वाढवतो. जॅकेटमधली दोन लिटर हवा दहा मीटरवर एक लिटर होते. सूटच्या रबरात कोंडलेले बारीक बुडबुडेही चेपतात. म्हणून जितकं खाली जावं तितकं आणखी वेगाने खाली जायला होतं, आणि पाणबुड्याला थोडी थोडी हवा भरत स्वतःला अधांतरी ठेवावं लागतं.

मग छातीचं काय? वीस मीटरवर अंगावर तीन वातावरणांचा दाब असतो. तिथे पृष्ठभागावरच्या साध्या हवेचा एक श्वासही नळीने ओढता येणार नाही, बरगड्या उचलल्याच जाणार नाहीत. हवा नेमकी आजूबाजूच्या पाण्याएवढ्या दाबाने मिळायला हवी, ना कमी ना जास्त, तीही श्वास घेतला तेव्हाच. हे काम बॅगेतला रेग्युलेटर करतो. त्याच्या पोटात एक लवचिक पडदा असतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तुमचं तोंड. तुम्ही श्वास ओढलात की पडदा आत झुकतो, झडप उघडते, हवा येते; ओढणं थांबवलंत की बंद. आत ना बॅटरी आहे, ना मोटर. किती दाबाची हवा द्यायची हे समुद्रच त्या पडद्याला टेकून सांगतो!

हे सुचलं कुठून? युद्धकाळातल्या फ्रान्समध्ये पेट्रोलचा तुटवडा होता, मोटारी गॅसवर चालवाव्या लागत. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारी झडप एमिल गान्यां या इंजिनिअरने बनवली होती. नौदलातला जाक कुस्तो त्याच्याकडे गेला आणि 1943 च्या जानेवारीत दोघांनी ती बदललेली झडप मार्न नदीत उतरवून पाहिली. आडवं पोहताना ती छान चालली. उभं राहिलं की हवा भसाभसा वाया जाई, डोकं खाली केलं की श्वास ओढता येईना. का? उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा आणि पडदा वेगवेगळ्या उंचीवर होते, आणि पाण्यात वीतभर उंचीनेही दाब बदलतो. दोन्ही एकाच पातळीवर आणले आणि प्रश्न सुटला. मोटारीच्या इंजिनासाठीची युक्ती माणसाच्या फुप्फुसांना लागू पडली.

तर असा हा रेग्युलेटर बॅगेत जॅकेटच्या घडीत गुंडाळून. नळ्या सैल वेटोळ्यात, कुठेही मुडपायच्या नाहीत. बाकीच्या बॅगेला एकच नियम: होडीत जे शेवटी लागणार ते तळाशी. फिन्स सर्वांत शेवटी चढवायच्या, म्हणून त्या तळाला, मास्क डबीत घालून त्यांच्या बेचक्यात, मग सूट, सर्वांत वर जॅकेट, कारण होडीत पहिलं काम ते सिलिंडरला बांधण्याचं. होडीवर कडक बॅग कुणालाच नको असते, तिथे जाळीची पिशवी न्यावी. सामान फळीखाली सरकवावं आणि सिलिंडर उभं सोडून देऊ नये. लाटेने आडवं झालं तर ते मास्कवर पडेल किंवा शेजाऱ्याच्या पायावर.

मास्कही उगाच नाही. आपल्या बुबुळाला हवेतच नीट पाहता येतं. पाणी त्याला थेट टेकलं की प्रकाश पुरेसा वळत नाही आणि सगळं धूसर होतं. डोळ्यांपुढे फक्त हवेचा एक खिसा हवा असतो. तो खिसा नाकही झाकतो, कारण खाली जाताना मास्कमधली हवाही चेपते आणि नाकातून थोडी सोडून ती भरून काढावी लागते.

आता त्या बॅगेतली सर्वांत स्वस्त वस्तू: सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग. तिचं पेटंट नील्स क्रिस्टेन्सन या डॅनिश वंशाच्या संशोधकाला अमेरिकेत 1939 मध्ये मिळालं. एवढंसं कडं दोनशेपट दाब कसा अडवतं? तो दाबच तिला फटीत रेटतो. गळती करू पाहणारी हवा स्वतःच्या वाटेत स्वतःच बूच मारते! पण कडं चिरलेलं असेल तर बुडी संपली. विजयदुर्गपासून सुमारे 105 किलोमीटर आत, समुद्रात एक बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाने त्याला आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे. तिथे गेल्यावर कुठलं दुकान? म्हणून दोन-चार जादा ओ-रिंग, मास्कचा पट्टा, फिनचा पट्टा आणि प्लॅस्टिकचे बंद एका छोट्या डबीत हवेतच.

त्या वीस मीटरवर हवाही तिप्पट वेगाने संपते. मिनिटाला वीस लिटर हवा घेणाऱ्याला वर जे सिलिंडर 110 मिनिटं पुरलं असतं, ते खाली सुमारे 37 मिनिटांत रिकामं होईल. आणि वर यायला हवा राखायची, तेव्हा प्रत्यक्षात त्याहून कमीच.

परतीची बॅग भरायची घाई मात्र करू नका. खाली तिप्पट दाबाने घेतलेल्या श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळून राहतो आणि हळूहळू बाहेर पडतो. परभणीला जायचं तर घाट चढावा लागतो, आणि आंबोली सुमारे 690 मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा जवळपास आठ टक्क्यांनी कमी. उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधे दुखायला तेवढा फरकही कारण ठरू शकतो. विमानाआधी एका बुडीनंतर किमान 12 तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान 18 तास थांबावं असं सांगितलं जातं, आणि सहाशे मीटरवर जाणाऱ्यालाही तीच शिस्त लागू धरतात.

म्हणून शेवटच्या बुडीनंतरची रात्र मालवणातच. त्या वेळात सगळं सामान गोड्या पाण्यात धुवायचं. रेग्युलेटरचं टोपण आधी घट्ट लावायचं, कारण आत पाणी शिरलं तर मीठ बसून झडप खराब होते. सूट, जॅकेट, फिन्स सावलीत टांगायच्या. वाळल्यावर फिन्स पुन्हा तळाला, सूट मध्ये; रेग्युलेटर मात्र सर्वांत वर, कारण परभणीला पोचल्यावर त्याला आणखी एकदा निवांत गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं आहे.