पत्ता विसरण्याआधीच तपासणी का हवी?
'जवळच्यांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का?' आशा कार्यकर्ती घरोघरी भरते त्या 'सीबॅक' अर्जात साठीपुढच्यांसाठी हा प्रश्न आहे. उत्तर 'हो' असेल, तर आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडे पाठवतात. पण पत्ता विसरेपर्यंत स्मृतिभ्रंश बहुधा बराच पुढे गेलेला असतो. तोच तोच प्रश्न विचारणं, पैशांचे हिशेब चुकणं या खुणा आधीच्या. शिवाय बी-१२ची कमतरता, थायरॉईड किंवा नैराश्य यांमुळे आलेला विसराळूपणा वेळीच कळला तर उपचारांनी सुधारू शकतो.

स्मृतिभ्रंशच निघाला, तर भार घरच्यांवर, बहुतेकदा सुनेवर किंवा मुलीवर. 'आत्ताच तर जेवलात!' असा वाद न घालता विषय बदलावा, हे तिला कोण शिकवणार? जागतिक आरोग्य संघटनेचा 'आयसपोर्ट' अभ्यासक्रम त्यासाठीच आहे. आशांमार्फत तो घरापर्यंत नेता येईल.